खोऱ्याचा केसपेपर

सकाळची ओपीडी सुरू झाली की पहिल्या तासात एक वाक्य मी किमान वीस वेळा म्हणतो : ‘‘आधीचे कागद आणलेत का?’’ गावाकडून आलेल्या आजी हातातली कापडी पिशवी उघडतात. तिच्यातून प्लास्टिकची पिशवी निघते आणि तिच्यातून घड्यांवर चिरलेले, तेलाचे डाग पडलेले केसपेपर. ‘‘घ्या साहेब, एकही टाकला नाही,’’ असं त्या अभिमानानं सांगतात. बहुतेक कागदांवर ताप, खोकला आणि न वाचता येणारी सही एवढंच असतं. पण एखाद्या जुन्या पानावर ‘दहा वर्षे दगडखाणीत काम’ अशी ओळ सापडते आणि आजीचा आजचा खोकला एकदम वेगळा दिसू लागतो.

माणसाचे जुने कागद असतात, तसे एखाद्या जागेचेही असतात. ते मी अलीकडे पाहिले. इंटर्न मुलांना शिशाच्या विषबाधेवर शिकवायचं होतं. तयारी करताना अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं एक खोरं पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. त्याचं नाव कोर डलेन, पण लोक त्याला ‘सिल्व्हर व्हॅली’ म्हणतात. वैद्यकीय लेखांत रक्ततपासणीचे आकडे होते. खोरं डोळ्यांसमोर उभं राहीना. म्हणून मी तिथले जुने स्थलनिर्देशक नकाशे उघडले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं १८८४ पासूनचे पावणेदोन लाखांहून अधिक जुने नकाशे स्कॅन करून सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत. वेगवेगळ्या काळातले नकाशे शेजारी लावून पाहताना वाटलं, हा तर या खोऱ्याचा केसपेपर आहे. तो वेळेवर कुणी वाचला असता, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी टळल्या असत्या.

रेषा काय सांगतात?

स्थलनिर्देशक नकाशा शाळेत आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा, म्हणजे समोच्च रेषा. रेषा दूर दूर असतील तर जमीन सपाट आणि एकमेकींना चिकटलेल्या असतील तर चढ उभा. निळं ते पाणी, हिरवं ते जंगल आणि काळ्या खुणा माणसानं केलेल्या गोष्टींच्या : घरं, रस्ते, लोहमार्ग. घरावर छोटा झेंडा दिसला की ती शाळा. खाणीसाठी एकमेकांवर ठेवलेली दोन हत्यारं. भुयाराच्या तोंडासाठी इंग्रजी ‘वाय’सारखी खूण आणि ठिपक्या-ठिपक्यांचा पट्टा म्हणजे खनिज काढून घेतल्यावर उरलेला गाळ.

या खोऱ्याच्या नकाशावर पहिल्यांदा नजरेत भरतात त्या तपकिरी रेषा. दोन्ही बाजूंना त्यांची दाटी आणि मध्ये सपाट जमिनीची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीतच कोर डलेन नदीचा दक्षिण फाटा, लोहमार्ग, रस्ता आणि वॉलेस, ऑसबर्न, केलॉग, स्मेल्टरव्हिल, पाइनहर्स्ट ही गावं एकामागून एक बसवलेली. दुसरीकडे वसायला जागाच नाही.

हे डॉक्टरनं का पाहावं? अशा अरुंद खोऱ्यात हवा कशी वागते, हे या रेषा सांगतात. रात्री डोंगरउतार थंड होतात. त्यांना टेकलेली हवा थंड आणि जड होऊन खाली घरंगळते आणि तळाशी साचते. तिच्या वर उबदार हवेचं झाकण बसतं. एरवी गरम धूर वर जाऊन पांगतो. इथे तो झाकणाखाली अडकतो. थंडीच्या दिवसांत भांड्यात वाफ कोंडावी तसा धूर खोऱ्यात कोंडून राहतो. भट्टीची पहिली वीट रचण्यापूर्वीच हा धोका नकाशाच्या रेषांमध्ये लिहिलेला होता.

भट्टीच्या आधीचं पान

१८८५ मध्ये नोआ केलॉग नावाच्या खनिजशोधकाला इथे शिसं आणि चांदीचा साठा सापडला. त्याचं हरवलेलं गाढव ज्या कड्यावर उभं होतं, तिथेच चमकणारा दगड होता, अशी दंतकथा तिथे अजून सांगतात. त्या जागी ‘बंकर हिल’ खाण उभी राहिली आणि पुढे गावालाही त्याचंच नाव पडलं. आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या न्याहारीच्या डब्याशी या केलॉगचा काही संबंध नाही.

१९०८ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या रॅन्सम आणि कॅल्किन्स या भूगर्भतज्ज्ञांनी या खाणपट्ट्यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला, तोही नकाशांसह. त्या वेळी केलॉगला शिसं वितळवणारी भट्टी नव्हती. ती १९१७ मध्ये आली. म्हणून भट्टी बंद झाली की प्रश्न मिटला, असं वाटणाऱ्यानं आधी हा काळ पाहावा. धूर यायच्या कितीतरी आधी विष खोऱ्यात उतरू लागलं होतं, नदीच्या वाटेनं.

खाणीतून निघालेला दगड दळायचा, पाण्यात हलवून जड खनिज वेगळं करायचं आणि उरलेलं नदीत सोडायचं, अशी तेव्हाची पद्धत होती. सुरुवातीची यंत्रं ओबडधोबड असल्यानं बरंचसं शिसं त्या टाकाऊ गाळातच राहून जाई. पुढे खनिज अधिक बारीक दळून फेसावर तरंगवून वेगळं करण्याची पद्धत आली. आता गाळात शिसं कमी उरू लागलं, पण कण इतके बारीक झाले की नदी त्यांना आणखी दूर नेऊ लागली. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांची कुरणं राखाडी होऊ लागली, जनावरं मरू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी खाणवाल्यांवर खटले भरले. गाळ अडवायला लाकडी बांध घातले गेले. नंतरच्या पुरांनी ते फोडले. नदीत थेट गाळ सोडणं थांबलं ते १९६८ मध्ये. तोवर सुमारे ६ कोटी २० लाख टन गाळ पाण्यात गेला होता आणि त्यात शिसं होतं अंदाजे ८ लाख ८० हजार टन.

पुढच्या काळातल्या नकाशांवर सपाट पट्टीत ठिपक्यांचे पट्टे दिसू लागतात. तो साचवून ठेवलेला गाळ. नकाशा काढणाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. जे दिसलं ते त्यानं लिहून ठेवलं. ठिपके आणि घरांचे काळे चौकोन किती जवळ आलेत, हे पाहण्याचं काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

झेंड्याची खूण

भट्टीभोवती वाढलेल्या गावाला नावच स्मेल्टरव्हिल पडलं, म्हणजे आपल्या भाषेत भट्टीगाव. शिशाची भट्टी आणि जस्ताचा कारखाना यांच्या अगदी जवळ सिल्व्हर किंग नावाची प्राथमिक शाळा होती. धुरातल्या गंधकाच्या वायूनं भोवतालचे डोंगर उघडे पडले होते. झाडं मेली, माती वाहून गेली. मुलं मात्र त्याच हवेत मैदानावर खेळत होती.

सप्टेंबर १९७३ मध्ये भट्टीतल्या एका विभागाला आग लागली. धुरातली धूळ कापडाच्या मोठमोठ्या पिशव्यांमधून गाळून घेण्याची सोय तिथे होती. आगीत ती बरीचशी निकामी झाली. शिशाला बाजारात चांगला भाव होता. भट्टी थांबली नाही. पुढचे काही महिने ती अपुऱ्या गाळणीवरच चालू राहिली. पुढे झालेल्या खटल्यात कंपनीतलं एक टिपण उघड झालं. टेक्सासमधल्या एल पासो इथं अशाच भट्टीजवळच्या मुलांची भरपाई किती झाली, त्यावरून इथं किती पैसे मोजावे लागतील, याचा त्यात हिशेब होता.

ऑगस्ट १९७४ मध्ये मुलांची रक्ततपासणी झाली. तपासणाऱ्यांनी नकाशा घेतला, भट्टी मध्यबिंदू धरला आणि अंतरानुसार पट्टे पाडले. अगदी आतल्या, म्हणजे भट्टीपासून १.६ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या १ ते ९ वर्षांच्या १७२ मुलांची तपासणी झाली. त्यातल्या १७० मुलांच्या रक्तात शिसं दर डेसिलीटरला ४० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होतं. सुटली फक्त दोन. भट्टीपासून जसजसं दूर जावं तसतसं प्रमाण उतरत होतं. शिसं हवेतून, मातीतून आणि घरातल्या धुळीतून येत होतं. ज्यांच्या रक्तात ते सर्वांत जास्त होतं, त्यांच्यात रक्तक्षय आढळला. शिसं वाढत जाईल तसा पायाच्या नसांमधून संदेश जाण्याचा वेग मंदावत होता.

तेव्हा अमेरिकेत ४० ही चिंतेची पातळी मानली जात असे. नंतर ती ३०, २५, १०, ५ अशी उतरत गेली आणि २०२१ पासून ३.५ आहे. माणसाचं शरीर काही बदललं नाही. आपलं ज्ञान वाढलं. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही.

कंपनीनं १९७७ मध्ये उंच चिमण्या बांधल्या. भट्टीची चिमणी ७०० फुटांहून उंच होती. कोंडलेल्या हवेच्या झाकणावर धूर नेऊन सोडायचा, ही त्यामागची कल्पना. तपकिरी रेषांनी सांगितलेली गोष्ट अखेर कुणीतरी वाचली होती, भट्टी सुरू झाल्यावर साठ वर्षांनी. पुढे चारच वर्षांत, १९८१ मध्ये, भट्टी बंद पडली. शेकडो कुटुंबांचा रोजगार गेला. ज्या भट्टीनं मुलांच्या रक्तात शिसं घातलं, तिच्याच पगारावर त्यांची घरं चालत होती, हेही विसरता येत नाही. १९९६ मध्ये सुरुंग लावून चिमण्या पाडल्या.

हाड आणि नदीकाठ

इंटर्न मुलांना मी नेहमी विचारतो : शिसं रक्तातून गेलं की कुठे जातं? रक्तात त्याचा मुक्काम फार नसतो. साधारण महिनाभरात त्याची पातळी निम्मी होते. आई-वडिलांना वाटतं, उतार पडला. पण शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडात नेऊन ठेवतं. प्रौढ माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत असतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात, स्तनपानाच्या काळात किंवा म्हातारपणी हाडं झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं. लहानपणी खाल्लेली धूळ बाईला तिशीत भेटते आणि तिच्या पोटातल्या बाळालाही.

नकाशे पाहताना लक्षात आलं, हे खोरंही तसंच वागतं. नदीचं पाणी म्हणजे रक्त आणि काठावरचा गाळ म्हणजे हाड. एखाद्या निवांत दिवशी पाण्याचा नमुना घ्या, शिसं कमी भरेल. पण पूर आला की काठ खरवडले जातात आणि शंभर वर्षांपूर्वीचा गाळ पुन्हा प्रवासाला निघतो. फेब्रुवारी १९९६ च्या पुरात एका दिवसात दहा लाख पौंडांहून अधिक शिसं खालच्या कोर डलेन सरोवरात वाहून गेलं, असा अंदाज आहे. तेव्हा भट्टी बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. खालच्या पाणथळ जागी स्थलांतराच्या वाटेवर उतरणारे हंस मुळं उकरताना तो गाळ गिळतात आणि दर वर्षी त्यातले काही मरतात.

म्हणून जुन्या नकाशांची किंमत. आजचा नकाशा आजचं खोरं दाखवतो. त्यावर हिरवळ असते, रस्ता असतो, घरांची नवी ओळ असते. दळण-गिरणी कुठे होती, गाळाचं तळं कुठे होतं, नदी पूर्वी कुठून वळण घेत होती, हे जुन्या पानावरच सापडतं. जागेवर काही दिसेनासं झालं तरी शिसं तिथेच असतं. ते सडत नाही, कुजत नाही, विरून जात नाही. ते मूलद्रव्य आहे. त्याचं दुसरं काही होत नाही.

उपचार कसा झाला?

१९८३ मध्ये भट्टीभोवतीचा सुमारे २१ चौरस मैलांचा भाग केंद्र सरकारच्या धोकादायक प्रदूषित जागांच्या यादीत गेला. तिथले लोक त्याला ‘बॉक्स’, म्हणजे चौकोन म्हणतात. नकाशावर आखलेल्या चौकोनाबाहेरही विष होतंच. नदी चौकोन पाळत नाही. पुढे खालच्या खोऱ्याचाही समावेश करावा लागला.

उपचार ऐकायला साधा आहे. घरोघरच्या अंगणातली माती तपासायची, दूषित असेल तर वरचा साधारण फूटभर थर काढायचा आणि स्वच्छ माती भरायची. हजारो अंगणांत हे केलं गेलं. उघड्या डोंगरांवर झाडं लावली. त्याची सुरुवात भट्टी चालू असतानाच झाली होती. काही रोपं चक्क खाणीच्या पोटात, दिव्यांच्या उजेडात वाढवलेली होती. एका वेळी शेकडा ९९ मुलांच्या रक्तात ४० च्या वर शिसं असलेल्या या भागात, या शतकाच्या सुरुवातीला मुलांची सरासरी ३ च्या आसपास आली. सार्वजनिक आरोग्याचं हे मोठं यश आहे आणि ते कुठल्या गोळीनं नाही, फावड्यानं मिळालं.

पण फूटभर स्वच्छ मातीखाली जुनी माती आहेच. म्हणून तिथे आजही स्वतःच्या अंगणात मोठं खोदकाम करायचं तर आरोग्य विभागाचा परवाना लागतो. झाडाचा खड्डा, कुंपणाचा खांब, घराचा पाया, कशासाठीही जास्त खणायचं असेल तर आधी विचारायचं.

मला सर्वांत बोलकी वाटली ती जुन्या लोहमार्गाची गोष्ट. नकाशांवर काळ्या रेषेनं दिसणारा हा मार्ग खनिज वाहून नेत होता. त्याच्या खडीतच खाणीचा टाकाऊ दगड होता आणि डब्यांतून सांडलेलं खनिज वर्षानुवर्षं तिथे पडत राहिलं. सगळं उचलणं शक्य नव्हतं. मग रूळ काढले आणि वर डांबराचा थर दिला. आज तो सत्तरहून अधिक मैलांचा सुंदर सायकलमार्ग आहे. ते डांबर म्हणजे एक प्रकारची पट्टी आहे, जखमेवर बांधलेली. वाटेवर पाट्या आहेत : मार्ग सोडू नका, ठरवून दिलेल्या जागीच खा, खाण्याआधी हात धुवा. ज्याला जुना नकाशा माहीत नाही त्याला या सूचना अतिरेकी वाटतील.

आपल्या ओपीडीत

मग आपण यातून काय घ्यायचं? शिसं फक्त आयडाहोत नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असावं. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० मध्ये थांबवलं, रंगांवर ९० पीपीएमची मर्यादा आणली. तरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याचं काम, जुन्या भिंतींचा पोपडा, भेसळीचे मसाले हे मार्ग शिल्लक आहेत.

शिशाची विषबाधा स्वतःचं नाव सांगत नाही. मूल चिडचिडं असतं, पोट दुखतं, शौचाला कडक होतं, अभ्यासात मागे पडतं. रक्त कमी निघतं, लोहाचं औषध सुरू होतं, पण हिमोग्लोबिन म्हणावं तसं वाढत नाही. ज्या मुलात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचं आतडं शिसं अधिक ओढून घेतं. आणि आपल्याकडे अशी मुलं कमी नाहीत. प्रौढांच्या आतड्यातून शिशाचा साधारण दहावा हिस्सा रक्तात जातो, लहान मुलांत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. शिवाय ती जमिनीवर रांगतात आणि हात तोंडात घालतात.

१७०० मध्ये इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्यानं सांगून ठेवलं, की रोग्याला विचारायच्या प्रश्नांमध्ये ‘तुझा धंदा कोणता?’ हाही प्रश्न घाला. त्याच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण खाणकामगारांवरच आहे. मी त्यात आणखी एक प्रश्न घालतो : ‘‘ताई, राहता तिथे आधी काय होतं?’’ बहुतेक आया चक्रावतात. मग कुणीतरी आठवून सांगते, ‘‘तिथं बॅटरीचा कारखाना होता म्हणे, आता चाळ झालीय.’’ तो माझ्यासाठी आधीचा कागद असतो.

अंगातलं शिसं काढायला औषध आहे. पण औषध देऊन मुलाला त्याच धुळीत परत पाठवलं, तर आपण फक्त बादली उपसतो, नळ बंद करत नाही. म्हणून पालकांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. वडील किंवा आई शिशाच्या, बॅटरीच्या किंवा रंग खरवडण्याच्या कामावर असतील, तर कामाचे कपडे आणि चपला घरात आणू नयेत. बाळाला उचलण्याआधी अंघोळ करावी. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसावी. मुलांचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी धुवावेत. पालेभाजी, डाळी, दूध, नाचणी वेळच्या वेळी पोटात जाऊ द्यावी; उपाशी पोट शिसं जास्त शोषतं. रक्तक्षय औषधानं हटत नसेल तर ‘शिशाची तपासणी करावी का?’ असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

आणि नवं घर, नवी शाळा, नवं मैदान यांची जागा ठरवताना त्या जागेचा जुना नकाशा एकदा जरूर पाहावा. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून मोजणी करतोय. महसूल कचेरीत गावनकाशे असतात आणि तेही नसतील तर गावातली वयस्क माणसं असतात. माझ्या ओपीडीतल्या आजीनं जपून ठेवलेल्या कागदातली एक ओळ तिच्या छातीचं निदान बदलते. जमिनीच्या कागदातही अशी एखादी ओळ असू शकते. मुलं खेळायला लागण्याआधी ती वाचलेली बरी.